खेळणारे आणि घडविणारे

संगणकावरील खेळांकडे समाज सामान्यतः तक्रारीच्या दृष्टीने पाहतो. मुलांचा वेळ जातो, अभ्यास मागे पडतो, ही तक्रार निराधार नाही. परंतु खेळ खेळणे आणि तो घडविणे यांतील अंतर मात्र तिच्यात हरवून जाते. ते अंतर समजून घेण्यासाठी ‘झेडझेडटी’ या जुन्या खेळाचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

अमेरिकेतील मेरिलँड येथे टिम स्वीनी या तरुणाने १९९१ साली हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चित्रे नव्हतीच. ६० आडव्या व २५ उभ्या घरांचा पट, सोळा रंग, आणि अक्षरे व चिन्हे एवढीच सामग्री. नायक म्हणजे एक हसरा चेहरा. स्वीनी आरंभी मजकूर-संपादनाची आज्ञावली लिहीत होता; तिच्यातील कर्सरच्या वाटेत अडथळे मांडता मांडता खेळ आकाराला आला. त्याचे खरे वैशिष्ट्य असे की, खेळाबरोबरच तो घडविण्याचे साधनही खेळणाऱ्याच्या हाती दिले गेले. स्पर्श होताच बोल, वाट अडली तर वळ, अशा सुबोध आज्ञा लिहून कोणालाही पटावरील वस्तूत जीव ओतता येई.

हा दानधर्म नव्हता. ‘शेअरवेअर’च्या तत्कालीन प्रथेप्रमाणे पहिला भाग विनामूल्य वाटला जाई आणि पुढील भागांसाठी पैसे पाठवावे लागत. व्यापार होताच, पण त्या व्यापाराने ग्राहकाला केवळ ग्राहक मानले नाही. हौशी मंडळींनी त्या साधनाने हजारो खेळ रचले. पुढे मूळ आज्ञावलीची संहिता हरवली, तेव्हा २०२० साली एका चाहत्यानेच ती पुन्हा उभी केली आणि स्वीनीच्या संमतीने सर्वांना खुली केली. ज्यांच्या हाती साधन दिले, त्यांनीच ते जपले.

त्या खेळांपैकी बरेचसे सामान्य होते, असा आक्षेप कोणी घेईल. शाळेतील बहुतेक निबंधही सामान्यच असतात. म्हणून निबंधलेखन कोणी बंद करीत नाही. लिहिणाऱ्याला भाषा कळू लागते, तसेच खेळ रचणाऱ्याला यंत्राचा स्वभाव कळू लागतो.

आज साधनांची वाण नाही. २००७ पासून ‘स्क्रॅच’सारखे साधन मुलांसाठी विनामूल्य उपलब्ध आहे. उणीव आहे ती अपेक्षेची. मुलाच्या हाती यंत्र देताना ‘हे कसे वापरतात’ एवढेच सांगून थांबायचे, की ‘यातून तू काय करशील’ असेही विचारायचे, याचा निर्णय पालक व शिक्षक यांनाच करावा लागेल. पहिल्या मार्गाने यंत्राचे कुशल गिऱ्हाईक तयार होते. यंत्राचा धनी होण्याची वाट दुसऱ्याच मार्गाने जाते.