मशीन किती अंड्यांचं, हे शेवटी विचारा



थंडी पडायला लागली की अंडी उबवायच्या मशीनची विचारणा वाढते. या महिन्यात चार-पाच जणांनी विचारलं. त्यात शेजारच्या वाडीतल्या बचत गटाच्या बाया पण आहेत. त्यांना विक्रेत्यानं ५०० अंड्यांचं मशीन सांगितलंय आणि गटातून कर्ज काढून घ्यायचं चाललंय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती अंड्यांचं घेऊ?

माझं म्हणणं, हा प्रश्न शेवटचा आहे. आधी दोन गोष्टी सांगा. तुमच्या घरात आठवड्याला फळलेली अंडी किती गोळा होतात? आणि तुमच्याकडं लाईट एका दमात जास्तीत जास्त किती तास जाते?

त्या गटाचाच हिशोब घ्या. सगळ्यांच्या मिळून ४५ गावरान कोंबड्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, तीही तुकड्यातुकड्यानं. १२-१५ अंडी घातली की ती खुडूक बसते. ६५ धरली तर ४५ कोंबड्यांची वर्षाची २९२५, म्हणजे दिवसाला ८ अंडी. आठवड्याची झाली ५६. घरात एकही अंडं खाल्लं नाही आणि बाजारात एकही विकलं नाही तरच हा आकडा. उबवायचं अंडं आठवड्याच्या आत बसवावं लागतं, पुढं रोज त्याचा जोर कमी होत जातो. मग ५०० अंड्यांचं मशीन भरणार कधी? नऊ आठवडे साठवली तर पहिल्या अंड्यांचा वास यायला लागेल.

तर मग माणूस बाहेरची अंडी आणायला लागतो, आणि तिथंच घोटाळा सुरू होतो. दुकानातलं पांढरं अंडं लेअर फार्मचं, तिथं नर नसतोच, ते २१ दिवस काय २१ महिने ठेवलं तरी फुटायचं नाही. आठवडी बाजारातलं गावरान अंडं किती दिवसांचं, उन्हात किती तास होतं, कोणाच्या खुराड्यातनं आलं, काही कळत नाही. गिरीराज, वनराज या जातींच्या कोंबड्या पाळल्या असतील तर त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघतात, पण ती आईबापासारखी एकसारखी भरत नाहीत. आणि आपल्याच घरात १५ कोंबड्यांमागं एक म्हातारा कोंबडा असेल तर निम्मी अंडी रिकामी निघणार, आणि शिव्या मशीनला. ८-१० कोंबड्यांमागं एक तरणा नर पाहिजे. मशीनच्या पैशातले थोडे आधी चांगल्या नरावर घाला.

विक्रेता म्हणतो ९० टक्के पिल्लं निघतात. त्याला विचारा, कशातली ९० टक्के? ५० अंडी बसवली, त्यातली ४० फळलेली, पिल्लं निघाली ३२. फळलेल्या अंड्यांवर हिशोब केला तर ८० टक्के, बसवलेल्यांवर केला तर ६४. आकडे दोन्ही खरे, पण आपल्या खिशाला दुसराच लागू. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. स्वच्छ दिसलं तर रिकामं, काढून टाका. म्हणजे दोष कोंबड्याचा की मशीनचा हे तिथंच कळतं.

आता लाईट. गावठाणात ती बऱ्यापैकी टिकते, वस्तीवरची काही खरी नाही. रात्री मोटारी सुरू झाल्या की दाब इतका पडतो की पंखा नुसता फिरल्यासारखं करतो. अंड्यांच्या मशीनमध्ये पंखा मंद झाला की एका कोपऱ्यात गरम, दुसऱ्या कोपऱ्यात गार. म्हणून इन्व्हर्टर धरूनच किंमत काढा. १५० अँपिअरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, हातात धरा १२०० च्या आसपास. १०० वॅटचं मशीन त्यावर रात्र काढतं, कारण हिटर सतत चालू नसतो. पण ५०० अंड्यांच्या मशीनचा भार याच्या कितीतरी पट, त्याला ही बॅटरी पुरायची नाही. घ्यायच्या आधी मागच्या पट्टीवर वॅट वाचा. ज्या मशीनवर वॅट लिहिलेलेच नाहीत त्याच्या नादी लागू नका.

तास-दोन तास लाईट गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. कोंबडी पण रोज थोडा वेळ दाणापाण्याला उठतेच. झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा. शेवटच्या दिवसांत आतलं पिल्लू श्वास घेत असतं. थोड्या गारव्यानं पिल्लू उशिरा निघतं, पण उष्णता चढली की ते आतच मरतं.

आणि ही उष्णतेची गोष्ट आपल्याकडं कोणी बोलत नाही. मशीनला पाहिजे ३७.५ ते ३७.८ सेल्सिअस, म्हणजे साधारण १०० फॅरेनहाइट. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात, सोलापूर भागात पत्र्याच्या खोलीत ४२-४३ होतं. घरगुती मशीनमध्ये तापवायचा हिटर असतो, गार करायला काही नसतं! खोलीच ४२ वर गेल्यावर मशीन ३७ वर कसं राहणार? म्हणून मशीन मातीच्या भिंतीच्या नाहीतर स्लॅबच्या, सावलीतल्या खोलीत पाहिजे. ती नसेल तर उन्हाळ्यात मशीन बंद ठेवलेलं बरं. बसवायची अंडी पण उन्हाळ्यात दिवसातनं दोनदा गोळा करून ओल्या वाळूच्या पाटीत, माठाशेजारी ठेवा आणि तीन-चार दिवसांतच बसवा. नुसत्या खोलीच्या उष्णतेनं आतला जीव अर्धवट हलायला लागतो आणि मग मरतो.

पाण्याचंही तसंच. पहिले १८ दिवस आर्द्रता ५०-५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५-७०. कोकणात पावसाळ्यात तितकी बाहेरच्या हवेतच असते, तिथं पहिले १८ दिवस भांडं भरून ठेवलं तर पिल्लू आतल्या आत ओलाव्यानं गुदमरतं. इकडं कोरड्या हवेत पाणी आटलं तर ते पडद्याला चिकटून बसतं. झाकण न उघडता बाहेरून पाणी घालता येतं का, एवढं घेताना जरूर बघा.

मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही. स्वस्त कंट्रोलर ३७.७ दाखवतो आणि आत काही भलतंच असतं. घरातलं ताप मोजायचं थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर एकाच कोमट पाण्याच्या वाटीत धरा, फरक लगेच कळेल. सेन्सरची वायर निघत नसेल तर थर्मामीटर अंड्यांजवळ ठेवून बघा. बिनपंख्याची पेटी घेऊच नका, तिच्यात वर एक तापमान आणि खाली एक. अंडी आपोआप फिरवणारा ट्रे मात्र पाहिजे. शेतकरी माणूस दिवसातनं चार-पाच वेळा अंडी हातानं फिरवेन म्हणतो, दोन दिवस फिरवतो आणि तिसऱ्या दिवशी ऊसतोड येते. थर्माकोलची पेटी उष्णता चांगली धरते पण धुता येत नाही, आणि पिल्लं निघाल्यावर आत जी घाण होते ती बघितल्यावर प्लास्टिकचीच बरी वाटते. पंखा आणि कंट्रोलर तालुक्याला सुटा मिळतो का, हेही विचारून घ्या. १४ व्या दिवशी पंखा बंद पडला तर कुरियरची वाट कोण बघणार?

मोठ्या एका मशीनपेक्षा छोटी दोन बरी. अठराव्या दिवशी अंडी फिरवायची थांबवायची असतात आणि पाणी वाढवायचं असतं. एकाच मशीनमध्ये दर आठवड्याला नवी अंडी भरली तर एका घाण्याला फिरवणं पाहिजे, दुसऱ्याला नको. शिवाय पिल्लांची लव आणि घाण पुढच्या अंड्यांवर. एकात उबवा, १८ दिवसांनी दुसऱ्यात हलवा. त्या गटाला मी ५०-६० अंड्यांची दोन मशीन सांगितली आहेत, आणि तीही एकदम नकोत. एक घ्या, चार घाणे काढा, मग दुसरं.

आणि ज्यांच्याकडं पाच-सहाच कोंबड्या आहेत त्यांनी मशीन घेऊच नये. खुडूक कोंबडीला ना लाईट लागते ना इन्व्हर्टर, अंडी ती स्वतः फिरवते आणि पिल्लंही तीच सांभाळते. १०-१२ अंडी तिच्या पंखाखाली आरामात मावतात. तिचा तोटा एवढाच की पिल्लं मोठी होईपर्यंत दोन-तीन महिने ती अंडी घालत नाही, आणि मुंगूस-घार आपला वाटा घेतात. मशीनचा खरा फायदा वेगळाच आहे, सगळी पिल्लं एका वयाची निघतात. लासोटाची सगळ्यात लहान बाटली पण १०० डोसची येते. पाच-सात पिल्लांसाठी ती कोण फोडतंय? म्हणून मानमोडी येते आणि खुराडं साफ करून जाते. ४०-५० पिल्लं एका दिवशीची असली की बाटली फोडायला परवडतं, आणि दिलेली तारीख लक्षात राहते.

नुसती पिल्लंच पाहिजे असतील तर पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथं मागणी नोंदवून ठेवा.

मशीन घेणार असाल तर पिल्लांची ऊबपेटी आधी तयार ठेवा. पिल्लू निघालं की पहिला आठवडा त्याला ३५ सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करायची. खोका, साधा बल्ब, खाली तूस. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळून चोच उघडून बसली तर उकडतंय. खुडूक कोंबडी हाताशी असेल तर रात्री अंधारात पाच-सहा पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवा, सकाळी बहुतेक ती आपलीच समजून त्यांना घेऊन फिरते. पण दिवसा हे करू नका, टोचून मारते.