वायर की ब्लूटूथ? आधी कामाची जागा पाहा

मोबाइलचे सामान विकणाऱ्या कोणाही व्यापारी बांधवास विचारा, गेल्या आठ-दहा वर्षांत त्याच्या दुकानाचा दर्शनी भाग कसा बदलला ते तो सांगेल. पूर्वी खिळ्यांना इअरफोनच्या वायरी माळांसारख्या लटकलेल्या असत. आता त्या जागी ब्लूटूथच्या लहान लहान डब्या मांडलेल्या दिसतात. गिऱ्हाईक येते, फोन काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "ब्लूटूथ दाखवा." वायरचा घ्यावा की बिनवायरचा, हा प्रश्नच त्याच्या मनात येत नाही. दुकानदारही तो काढीत नाही, कारण एका डब्बीवर जे सुटते ते वायरचे चार नग विकूनही सुटत नाही.

या बाबतीत आमचे मत थोडे निराळे आहे. जो कारागीर किंवा व्यापारी एका जागी बसून काम करतो, त्याने रोजच्या ऐकण्यासाठी वायरचाच इअरफोन घ्यावा. ज्याच्यासमोर फिरते यंत्र आहे, त्याने वायर अंगावर ठेवूच नये. आवाज कोणाचा गोड आणि दिसायला कोणता झकास, ही चर्चा आपल्या कामाची नाही. तुम्ही दिवसभर कोठे बसता आणि तुमचे हात कशात गुंतलेले असतात, एवढेच पाहायचे आहे.

वायरची ही 3.5 मिलिमीटरची पिन काल-परवाची नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर समोरच्या फळीत जी जाड पिन खोचीत असत, तिचेच हे लहान रूप. ट्रान्झिस्टरला ती लागली, 1979 साली सोनीच्या वॉकमनबरोबर जगभर गेली आणि पुढे मोबाइलमध्ये येऊन बसली. सप्टेंबर 2016 मध्ये ॲपल कंपनीने आयफोन 7 मधून पिनेचे भोक काढून टाकले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपले बिनवायरचे इअरफोन विक्रीस आणले. भोक बुजविणारी कंपनी आणि त्यावरचा उपाय विकणारी कंपनी एकच, ही गोष्ट व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांनी तोच कित्ता गिरविला. तथापि स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनांत ते भोक अजूनही आढळते आणि आपल्यापैकी अनेकांच्या खिशात असेच फोन आहेत.

आता पैशांचे पाहू. ब्लूटूथच्या कानात बसणाऱ्या बोंडात 30 ते 60 मिलिअँपिअर अवरची बॅटरी असते. फोनमध्ये 5000 ची असते, त्यावरून ती केवढीशी हे ध्यानात यावे. लिथियमची अशी बॅटरी साधारणपणे 300 ते 500 वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरू लागते. कंपनी म्हणते एका भरणीत चार-पाच तास चालेल. संध्याकाळी घरी तासभर बातम्या ऐकणाऱ्यास ती सहज दोन-तीन वर्षे पुरेल. परंतु जरीच्या अड्ड्यावर किंवा शिलाईच्या मशीनवर आठ-आठ तास बसणारा कारागीर दिवसातून दोन वेळा ती डब्बीत ठेवून भरतो. म्हणजे वर्ष भरायच्या आतच 500 चा आकडा ओलांडला जातो. त्यातही फोनवर बोलण्यासाठी एकच बोंड वापरण्याची सवय असते, त्यामुळे ते एक आधी बसते आणि चांगले असलेले दुसरे नुसते पडून राहते.

आमच्या ओळखीच्या एका वयस्क टेलरमास्तरांचे असेच झाले. मुलाने हौसेने ब्लूटूथ आणून दिले. दहा महिन्यांनी डावे बोंड अर्ध्या तासात मान टाकू लागले. ते दुकानात घेऊन गेले तर तेथील तरुणाने सांगितले, "चाचा, याचे काही होत नाही, नवीनच घ्या." त्यांनी नवीन घेतले. वर्ष होत आले तशी त्याचीही तीच गत झाली. त्यांचा मला एकच सवाल होता, "भाई, चाळीस वर्षांपूर्वीची मशीन मी अजून तेल घालून चालवितो, आणि ही वस्तू वर्षभरही दुरुस्त होत नाही, म्हणजे मी विकत घेतले तरी काय?" या सवालाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हिशेब सोपा आहे. समजा ब्लूटूथची जोडी 1200 रुपयांची आहे आणि ती वीस महिने टिकली, तर महिन्याला 60 रुपये पडले. वायरचा इअरफोन 300 रुपयांचा आणि दहा महिन्यांत त्याची वायर तुटली, तर महिन्याला 30 रुपये. तीच वायर 40 रुपये देऊन दुरुस्त करून घेतली आणि आणखी सहा महिने चालली, तर महिन्याला 21 रुपयांच्या आसपास. रोज आठ तास वापरणाऱ्याची जोडी वीस महिने टिकत नाही हे वर आलेच आहे. त्याला ती महिन्याला शंभर रुपयांच्या पुढे जाते.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर मोबाइल रिपेअरिंगचे काम करणाऱ्या बंधूंसाठी थोडे अधिक लिहितो, कारण हे काम लहान म्हणून आपण सोडून दिले आहे. वायरचा इअरफोन बिघडतो तो बहुतेक वेळा पिनेच्या बुडाशी, जेथे वायर सारखी वाकते तेथे. कित्येकदा तर इअरफोनमध्ये काहीच बिघाड नसतो. फोनच्या भोकात खिशातला कचरा आणि धागे साचून पिन पुरती बसत नाही आणि एकाच कानात आवाज येतो. फोन बंद करून लाकडी काडीने भोक हलक्या हाताने साफ केले की काम होते. टेलरच्या आणि रफूवाल्याच्या फोनमध्ये हे हमखास सापडते. तेव्हा गिऱ्हाइकास नवा इअरफोन दाखविण्याआधी टॉर्च लावून भोकात डोकवावे.

वायर खरोखरच तुटली असेल तर पिनेपासून दीड-दोन इंचांवर कापून नवी पिन जोडता येते. आतल्या तारा केसांसारख्या बारीक असतात आणि त्यांवर रंगीत वार्निश असते. ते जाळल्याखेरीज कथील धरीत नाही. नवा मुलगा येथेच फसतो आणि वायर खराब आहे म्हणून फेकून देतो. इस्त्रीसारखी तापलेली सोल्डरिंगची कांब आणि थोडी पेस्ट लावून टोक क्षणभर धरले की वार्निश जळते. बहुधा लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची अर्थिंगची असते. माइकवाल्या पिनेला चार भाग असतात. टोकाला डावा कान, त्याखाली उजवा, त्याखाली अर्थिंग आणि सर्वांत मागे माइक, हा क्रम आज चालतो. काही जुन्या फोनांत शेवटचे दोन उलटे असत. असा उलटा जोड झाला की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, बोलणाऱ्याचे शब्द हरवतात आणि माइकचे बटण दाबून धरले की ते परत येतात. ही खूण लक्षात ठेवली तर निम्मा वेळ वाचतो. पंधरा मिनिटांच्या या कामाला चाळीस-पन्नास रुपये कोणीही देतो. ब्लूटूथच्या बोंडाचे कवच मात्र डिंकाने बंद केलेले असते, ते उघडताना बहुधा तुटते आणि आतली बॅटरी मिळाली तरी ती बसविण्याची मजुरी नव्या मालाजवळ जाते. तुमच्या हातचे काम जेथे उरत नाही असाच माल तुम्ही काउंटरवर पुढे करता, याचा कधी विचार केला आहे काय?

बोलण्याच्या बाबतीतही वायर उजवी आहे. ब्लूटूथवर गाणे चांगले ऐकू येते, पण फोन आला आणि माइक सुरू झाला की ते बोलण्यासाठी असलेल्या निराळ्या पद्धतीवर जाते आणि आवाज पातळ होतो. गजबजलेल्या बाजारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला त्यात "साठ" आणि "आठ" यांचा फरक कळला नाही तर मालाच्या ऑर्डरीत घोळ होतो. यावर नवी पद्धत निघाली आहे, परंतु तिच्यासाठी फोन आणि इअरफोन दोन्ही ती चालविणारे लागतात. शिवाय ज्या फोनमध्ये रेडिओ आहे त्यात इअरफोनची वायरच एरिअलचे काम करते. वायर लावली की आकाशवाणी फुकट ऐकता येते, इंटरनेटचा एक पैसाही खर्च होत नाही.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजू मांडणे भाग आहे, आणि ती पैशांपेक्षा मोठी आहे. लेथ, ड्रिल, लाकूड कापण्याची गोल करवत, ग्राइंडर, पट्ट्यावर चालणारी कोणतीही मोटर, यांच्याजवळ वायरचा इअरफोन म्हणजे गळ्यात बांधलेला दोरा. सैल बाही आणि मफलर यंत्राजवळ नको, हे आपले वाडवडील सांगत आले. वायरलाही तोच नियम लागू आहे. येथे दोनशे-चारशे रुपयांची बचत कोणी मोजू नये. ऐकायचेच असेल तर बिनवायरचे घ्यावे. त्यातही गळ्यात अडकविण्याचा नेकबँड नको, कारण त्याची बोंडे कानातून काढली की छातीवर लोंबतात. खरे सांगायचे तर करवतीवर हात चालू असताना काहीच न ऐकणे उत्तम. यंत्राचा आवाज बदलला हे कारागिराला आधी कानाने कळते, डोळ्यांनी नव्हे.

ज्याची फिरती आहे, म्हणजे माल उतरवून घेणारा, गोदामात चढ-उतार करणारा, फळांच्या गाडीवर उभा राहून तराजू धरणारा, त्याला नेकबँड सोयीचा. त्याची बॅटरी बोंडांपेक्षा मोठी असते, एखादे बोंड गटारात पडून हरवण्याची धास्ती नसते आणि त्याची बॅटरी बदलून देणारे कारागीरही शोधल्यास सापडतात. बसून काम करणाऱ्या टेलरला वायर मशीनच्या चाकात किंवा कात्रीत येते अशी तक्रार असते. त्याने वायर सदऱ्याच्या आतून, मागच्या कॉलरमधून वर घ्यावी. पुढे काहीच लोंबत नाही. एवढे करूनही ती चाकापर्यंत पोहोचत असेल तर त्यालाही वायर नको.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागावर काम करणाऱ्या बांधवांना मात्र दोन्ही नको असे स्पष्ट सांगावेसे वाटते. मागांच्या खोलीत शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी ओरडावे लागते. अशा खडखडाटात गाणे ऐकायचे म्हणजे त्याहून मोठा आवाज कानात ओतणे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो, पण 90 डेसिबल झाला की मर्यादा आठवड्याला 4 तासांवर येते. म्हणजे एका पाळीचा निम्मा भागदेखील नाही. यंत्रमागावरच्या माणसाचे कान आधीच खर्ची पडत असतात, आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. त्याने कानात घालायचेच तर पाच-दहा रुपयांची फोमची बुचे घालावीत आणि गाणे घरी जाऊन ऐकावे. तेच पैसे खर्चून मालकांनी ही बुचे कामगारांना पुरविली तर त्यांचे काही जात नाही.

आता ज्याच्या फोनमध्ये पिनेचे भोकच नाही त्याचे काय? त्याच्यासाठी चार्जिंगच्या टाइप-सी तोंडाला लावायची पिन मिळते. येथे दुकानदारांनी फार काळजी घेतली पाहिजे. या जोडपिना दोन जातींच्या असतात. एकीत आवाज तयार करणारी लहान चिप असते, दुसरीत नुसत्या तारा असतात. नुसत्या तारांची पिन काही फोनांवर चालते आणि पुष्कळ फोनांवर मुळीच चालत नाही. दोन्ही दिसायला सारख्याच. मुंबईत मनीष मार्केटला किंवा लॅमिंग्टन रोडला घाऊक माल उचलताना चिपवाली कोणती हे विचारून घ्यावे आणि दोन्ही एका डब्यात मिसळू नयेत. दहा-वीस रुपये स्वस्त म्हणून साधी उचलली की ती परत येते, आणि तिच्याबरोबर गिऱ्हाइकाचा राग येतो.

बिनवायरच्या मालाबाबत आणखी एक. बिनवायरच्या हेडफोन-इअरफोनना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. नामांकित कंपनीची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळते म्हणून जे बंधू आणतात त्यांनी हा क्रमांक पाहावा. तो नसलेला माल पकडला गेला तर दंड दुकानदाराला होतो, पुरविणारा केव्हाच नंबर बदलून बसलेला असतो. बाद झालेली बोंडे कचऱ्यात टाकू नयेत किंवा जाळू नयेत, लिथियमची बॅटरी पेट घेते. एका डब्यात जमवून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावीत.

उद्या कोणी काउंटरवर येऊन "ब्लूटूथ दाखवा" म्हणाला तर आधी विचारा, "काम काय करता? दिवसातून किती तास ऐकता?" तो टेलर किंवा जरीवाला निघाला तर वायरचा पुढे ठेवा आणि त्याच्याच फोनमध्ये पिन घालून, एखाद्याला फोन लावून दाखवा. त्यानंतरही त्याने डब्बीच मागितली तर खुशाल द्या, पण बिलावर तारीख घाला आणि वॉरंटी किती महिन्यांची व बोंड मिळणार की पूर्ण जोडी, हे तोंडी न सांगता लिहून द्या.