बदल करा, पण आधी सांगा

मी स्वमग्न आहे. कुडपणहून कॉलेजात आल्यावर मला अभ्यासापेक्षा वेळापत्रकाने छळले. तास अचानक रद्द झाला, खोली बदलली, की डोके सुन्न होते. मित्र म्हणतात, “हट्टी आहेस!” पण हा हट्ट नव्हे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता धरली आहे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातले रस्ते खचले, साऱ्यांचाच दिनक्रम मोडला. तेव्हा आई रोज रात्री उद्याची कामे क्रमाने सांगे. तेवढ्यावर मी सावरलो.

माझ्या मते बदल टाळणे शक्य नाही, आधी सांगणे मात्र शक्य आहे. गुरुजनहो, उद्याचा बदल आजच फळ्यावर लिहा. खडूखेरीज त्याला खर्च नाही.