मुख्याध्यापकांची रिकामी खुर्ची

अमेरिकेतील ज्यू समाजाने धर्मशिक्षण व व्यावहारिक शिक्षण एकाच छताखाली देणाऱ्या शाळा मोठ्या कष्टाने उभारल्या. त्यांना तेथे ‘डे स्कूल’ म्हणतात. २०१३-१४ च्या गणनेत अशा ८६१ शाळा व सुमारे २ लाख ५५ हजार विद्यार्थी नोंदले गेले. मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायली मुलांसाठी १८७५ मध्ये काढलेली शाळा याच जातीची. समाज इस्रायलला गेला, तसे तेथील ज्यू विद्यार्थी आटले. अमेरिकेत मुले आहेत, देणगीदार आहेत. चणचण आहे ती मुख्याध्यापकांची.

या पदाचे स्वरूप पाहिले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही. दिवसाचा एक भाग हिब्रू, तोरा व तालमूद यांचा. दुसरा गणित, विज्ञान, इंग्रजीचा. अनेक शाळा दोन विभागांना दोन प्रमुख नेमतात, परंतु त्यांच्यावरही कोणीतरी लागतोच. सरकारी मदत अल्प, म्हणून सारा डोलारा फी व देणग्यांवर. फी भरणाऱ्या पालकांपैकीच काही जण संचालक मंडळावर! ज्याच्या मुलाला सकाळी समज द्यावी, त्याच्याच दारी सायंकाळी देणगीसाठी उभे राहावे. उत्तम रब्बीला ताळेबंद वाचता येईलच असे नाही, आणि व्यवस्थापन शिकलेल्यास तालमूद क्वचितच अवगत असतो.

उपाय झाले नाहीत असे नव्हे. न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीने शाळाप्रमुखांसाठी खास प्रशिक्षणवर्ग चालविला. २०१६ मध्ये पाच संस्था विलीन होऊन ‘प्रिझ्मा’ ही मध्यवर्ती संस्था झाली. पण प्रशिक्षणाला माणूस आधी हाताशी असावा लागतो, आणि खरी उणीव तेथेच आहे. बँकेत शाखाधिकारी होण्यापूर्वी अधिकाऱ्याला काउंटरपासून कर्जविभागापर्यंत फिरवून आणतात. शाळेत मात्र हाडाचा शिक्षक वीस-वीस वर्षे वर्गातच राहतो; अंदाजपत्रक त्याच्या दृष्टीसही पडत नाही. पद रिकामे झाले की जाहिरात निघते, दुसऱ्या शाळेचा मुख्याध्यापक अधिक वेतनावर येतो. एक खुर्ची भरते, दुसरी रिकामी होते. समाजाच्या एकूण हिशेबात जमा काहीच नाही.

एखाद्या गुणी शिक्षकाचे निम्मे तास कमी करून त्याला उपमुख्याध्यापक नेमावे, प्रवेश, फीमाफी व पालकसभा त्याच्याकडे सोपवाव्यात, तर चार-पाच वर्षांत माणूस तयार होईल. अडचण इतकीच की, तो जादा पगार फीच्या तुटपुंज्या जमाखर्चात घालायला मंडळे कचरतात. शोधसमितीचा खर्च मात्र विनाचर्चा मंजूर होतो.