दोन हजार यार्ड

दिवाळीत फटाक्यांचा खोका आपण चुलीपासून लांब ठेवतो. मग देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती सरकारने आखलेले २००० यार्ड आम्हां पिंपरी-चिंचवडकरांना का खुपतात? ‘रेडझोन कमी करा’ म्हणून मीही ओरडलो आहे. त्यात माझाही अर्धा गुंठा आहे ना! १९४४ साली मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या एकाच जहाजात स्फोटके आणि कापूस भरलेला होता. एका स्फोटामागून दुसरा झाला. २०१६ साली पुलगावच्या डेपोत सुरुंगांची शेड उडाली, १९ जण गेले. पण आग त्या शेडीपुरतीच राहिली. कोठार आणि कोठार, कोठार आणि घर यांत अंतर राखतात ते ह्याचसाठी. मेथीच्या जुडीसारखी यार्डांची घासाघीस कसली करता? घरपट्टी घेता ना, मग आम्हांला रेघेबाहेर जागा द्या!