यात्रेचे शब्द आणि व्यापाराचे शब्द

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला आहे, आणि ज्यांस तेथवर जाणे घडले नाही त्यांच्या देवघरांतून तुळस-बुक्क्याचा दरवळ येत आहे. आजपासून चातुर्मास लागतो. यतिजनांनी ह्या काळात एका स्थानी राहावे असा संकेत आहे. गृहस्थ मात्र घरी बसल्या बसल्या याच महिन्यांत पुढील यात्रेचे बेत आखू लागतात. कोणास कार्तिकात काशी करावयाची असते, कोणास अक्षय्य तृतीयेनंतर बदरीकेदार. मग यात्रा कंपन्यांची रंगीत पत्रके घरात येतात, चष्मा लावून वाचली जातात आणि वाचणारा मध्येच अडतो. तो ज्या शब्दांपाशी अडतो, त्यांविषयी आज चार गोष्टी बोलाव्यात असे आम्हांस वाटते.

निमित्त घरचेच आहे. आमच्या आत्याबाईंचे वय सत्तरीपलीकडचे. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. निवृत्तिवेतनातून थोडे थोडे बाजूस टाकून त्यांनी काशी-प्रयाग-गया यात्रेपुरती रक्कम जमविली होती. पत्रकावरील आकडा आणि त्यांच्या पुरचुंडीतील आकडा बरोबर जुळत होता. पैसे भरावयास गेल्यावर मात्र कळले की पत्रकावरील दर ‘ट्विन शेअरिंग’चा आहे; एकट्या व्यक्तीस ‘सिंगल सप्लिमेंट’ निराळे भरावे लागेल. आत्याबाईंनी अर्थ विचारला. तो सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, म्हणजे हे गेले म्हणून मला दंड का?”

ह्या प्रश्नास आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. वस्तुतः आकारणी अकारण नाही. हॉटेल खाट विकत नाही, खोली विकते. दोघांत वाटून येणारे खोलीचे भाडे एकट्याच्या माथी पडले की फरक भरून द्यावा लागतो; तोच हा ‘सप्लिमेंट’. हिशेब सरळ आहे. परंतु जो हिशेब मोठ्या आकड्याशेजारी मराठीत एका ओळीत सांगता आला असता, तो पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत, परक्या शब्दाआड उभा होता. आमची तक्रार दराविषयी नाही, ह्या आडोशाविषयी आहे.

असे आडोसे पुष्कळ आहेत. ‘एक्स हरिद्वार’ हे घ्या. आपल्याकडे ‘एक्स’ म्हणजे माजी, असा समज. प्रवासव्यवसायात मात्र लॅटिनमधून आलेल्या ह्या शब्दाचा अर्थ ‘येथून’ असा आहे. ‘एक्स हरिद्वार’ म्हणजे दर हरिद्वारपासूनचा. मुंबई-पुण्याहून हरिद्वार गाठण्याचा व परतण्याचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. दोन पत्रकांतील दरांत मोठी तफावत दिसली, तर स्वस्ताईचे रहस्य पुष्कळदा ह्या दोन अक्षरांत दडलेले असते.

भोजनाच्या बाबतीत तर संक्षेपांचे रानच माजले आहे. ‘ईपी’ म्हणजे युरोपियन प्लॅन: केवळ खोली, अन्न नाही. ‘सीपी’ म्हणजे कॉन्टिनेंटल प्लॅन: खोली आणि सकाळची न्याहारी. ‘एमएपी’ म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन: न्याहारी आणि दोहोंपैकी एक जेवण. ‘एपी’ म्हणजे अमेरिकन प्लॅन: तिन्ही वेळचे. काशीस जाणाऱ्या मराठी माणसाने आपणांस दुपारचे जेवण मिळणार की नाही हे युरोप-अमेरिकेच्या नावांवरून ओळखावे, ही मौजच नव्हे काय? आणि तिन्ही वेळचे जेवण मिळाले, तरी एकादशीस साबुदाणा-वरई मिळेल, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असल्याची दखल घेतली जाईल, असे त्यात कोठेही अभिप्रेत नसते. ते पैसे भरण्यापूर्वी विचारावे लागते.

‘हॉटेल अमुक किंवा तत्सम’ ह्यातील ‘तत्सम’ कोणी ठरवायचे, हे लिहिलेले नसते. ‘साइटसीइंग’ म्हणजे काही वेळा गाडीच्या खिडकीतून दिसलेले शिखर. आत जाऊन दर्शन होणार की नाही हे निराळे विचारावे. ‘ट्रान्सफर’ म्हणजे स्थानकावरून हॉटेलपर्यंत नेणे, एवढेच. ‘नो शो’ म्हणजे वेळेवर न पोहोचलेला यात्रेकरू; त्याची गाडी चुकली असो वा घरी कोणी आजारी पडले असो, करारानुसार त्याचे पैसे बुडू शकतात. आणि यात्रेकरूंची मोजदाद ज्या शब्दाने होते तो शब्द ‘पॅक्स’. पन्नास भाविक म्हणजे पन्नास ‘पॅक्स’. दिंडीत तोच माणूस ‘माऊली’ असतो.

इंग्रजी शब्दांविषयी आमच्या मनात आकस नाही. तिकीट, स्टेशन, बुकिंग हे शब्द आमच्या आजीच्या ओव्यांइतकेच आता घरचे झाले आहेत. शिवाय ह्या व्यवसायाचे मूळ शोधू गेले तर आश्चर्य वाटते. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक ह्या धर्मनिष्ठ इंग्रज गृहस्थाने सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोस आगगाडीने नेली, ती मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी. दर माणशी एक शिलिंग. आधुनिक सहलव्यवसायाचा आरंभ बहुधा येथूनच मानतात. पुढे १८६९ साली त्याच कुकने ख्रिस्ती यात्रेकरूंस पॅलेस्टाइनची पवित्र भूमी दाखविली. ‘टूर’ ह्या शब्दाच्या मुळाशी वर्तुळाकार फिरण्याची कल्पना आहे, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या जवळची. आणि ‘हॉलिडे’ मुळात पवित्र दिवसच होता. तेव्हा व्यापार आणि श्रद्धा ह्यांची वाट तेथेही एकत्रच निघाली होती. दोष शब्दांच्या कुळाचा नाही. ते न समजताच सही करावी लागते, ह्या रीतीचा आहे.

आपली जुनी व्यवस्था निर्मळ होती असेही आम्ही म्हणणार नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्यांची नावे सापडत, परक्या गावी उतरण्यास छप्पर मिळे, हे खरे. परंतु दक्षिणेवरून होणारी ओढाताणही तितकीच खरी. पंढरपुरातही बडवे-उत्पातांच्या अधिकारांविषयी तक्रारी वाढल्या, म्हणून १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम करावा लागला आणि न्यायालयीन वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिटला. सांगण्याचा हेतू एवढाच की, यात्रेत पैसा नवा नाही. दिंडीतही वारकरी आपापली भिशी भरतो आणि त्यातून सर्वांची चूल पेटते. परंतु भिशी म्हणजे काय, मुक्काम कोठे, विसावा कोणता, हे आळंदीहून निघालेल्या निरक्षर म्हातारीसही ठाऊक असते. शब्द आणि व्यवहार ह्यांत अंतर नसले की फसगतीस जागा उरत नाही.

आता राज्यकर्त्यांची भाषा पाहू. केंद्र सरकारने २०१४-१५ साली ‘स्वदेश दर्शन’ आणि ‘प्रसाद’ ह्या दोन योजना आणल्या. नावे आपल्या कानांस गोड. पण ‘प्रसाद’ हा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून जुळविलेला आहे आणि योजना पर्यटन मंत्रालयाची आहे. तीर्थक्षेत्रांच्या मालिकेस आता ‘सर्किट’ म्हणतात, भाविकांच्या गर्दीस ‘फुटफॉल’. आंतरराष्ट्रीय गणनेच्या व्याख्येप्रमाणे जो आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर वर्षाहून कमी काळ, तेथील नोकरीवाचून अन्य हेतूने जातो आणि निदान एक रात्र राहतो, तो पर्यटक. धर्मयात्रा हा त्या हेतूंपैकीच एक. म्हणजे आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालणारा वारकरीही हिशेबापुरता पर्यटकच ठरतो. रस्ते, शौचालये, पाणी ह्यांची तरतूद करण्यासाठी मोजणी हवी, हे आम्हांस मान्य आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली साठ वर्षांवरील नागरिकांसाठी तीर्थदर्शन योजना जाहीर केली व दर व्यक्तीमागे तीस हजार रुपयांपर्यंतची मर्यादा ठेवली, तीही अशा मोजणीवाचून आखता येत नाही. परंतु मोजणीची भाषा मंदिराच्या दारापर्यंत आली की धोका सुरू होतो.

तो धोका ‘व्हीआयपी दर्शन’ ह्या शब्दात आहे. अनेक देवस्थानांत शुल्क भरून लवकर दर्शन घेण्याची सोय आहे. तिरुमलेचे तीनशे रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन सर्वांस परिचित आहे. देवस्थानांचा खर्च, गर्दीचे नियोजन, वृद्धांची सोय ही कारणे सांगितली जातात आणि ती सर्वस्वी खोटी नाहीत. ह्या प्रथेविरुद्धची जनहित याचिका ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. मंदिरांत अशी खास वागणूक नसावी असे मत नोंदवूनही, हा प्रश्न समाजाने व मंदिर व्यवस्थापनांनी सोडवावयाचा आहे, असे म्हणून न्यायालयाने याचिका विचारात घेण्याचे नाकारले. म्हणजे चेंडू आपल्याच अंगणात आहे. आपण पत्रकातील ‘व्हीआयपी दर्शनासह’ हे शब्द पाहून कंपनी निवडतो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर आपणच देत असतो. पंढरीच्या वाळवंटात लहानथोर एकमेकांच्या पायां पडतात. त्या वाळवंटात ‘अतिमहत्त्वाची व्यक्ती’ कोण?

ह्यावर उपाय काय? पहिला उपाय घरातील तरुणांच्या हाती आहे. आईवडिलांचे पैसे भरण्यापूर्वी पत्रक त्यांच्यासह मोठ्याने वाचावे आणि पाच गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: दर कोठून कोठपर्यंतचा, खोलीत किती जण, कोणत्या वेळचे जेवण, आणि उपवासाचे काय, दर्शन आतून की बाहेरून, यात्रा रद्द झाली वा करावी लागली तर किती रक्कम, केव्हा व कोणत्या रूपाने परत. शेवटचा प्रश्न विसरू नये. २०२० च्या टाळेबंदीत विमानाची तिकिटे रद्द झाली, तेव्हा रोख परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’ हा शब्द लोकांच्या हाती आला. त्याचा अर्थ, पैसे आमच्याकडेच राहतील, तुम्ही पुन्हा प्रवास करा. अखेर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयास परताव्याची रीत ठरवून द्यावी लागली.

दुसरा उपाय कायद्याचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी, दोहोंविषयी त्याखाली दाद मागता येते; तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. तो देवघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यास हरकत नाही.

तिसरा उपाय यात्रा कंपन्यांचा. त्यांत शेकडो भाविकांस आपुलकीने नेणारे, आजारी वृद्धाच्या उशाशी रात्र जागविणारे व्यवस्थापक आम्ही पाहिले आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच: ‘ट्विन शेअरिंग’ ऐवजी ‘एका खोलीत दोघे’ असे छापा, ‘एक्स हरिद्वार’ ऐवजी ‘हरिद्वारपासून’ छापा. चार अक्षरे अधिक लागतील, पण विश्वास टिकेल.

आत्याबाईंचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्यांच्या भजनी मंडळातील एक बाई त्यांच्यासारख्याच एकट्या होत्या आणि त्यांनाही काशीची ओढ होती. दोघींनी एक खोली घेतली आणि ‘सप्लिमेंट’ टळले. परत आल्यावर गंगाजलाची कुपी आमच्या हाती देत आत्याबाई म्हणाल्या, “त्या कार्यालयातल्या मुलाने कागदावर काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. आपल्यात ह्याला सोबत म्हणतात.”

पत्रकावर हा शब्द छापण्यास कोणतेही शुल्क लागत नाही.