ओहोळाला विचारले कोणी?

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे उत्तरेकडील शेवटचे गाव. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या मागे टाकल्या की खाडी लागते, मच्छीमारांच्या होड्या दिसतात, आणि थोड्याच अंतरावर गुजरात सुरू होतो. आमच्या वसईकडच्या वाचकांना हे गाव फार दूरचे वाटेल. परंतु १ ऑगस्ट २०१४ पासून आपण आणि झाई एकाच पालघर जिल्ह्याचे रहिवासी आहोत. तेथील पाण्याची वाट अडली तर त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, असे समजून स्वस्थ बसणे आम्हांला योग्य वाटत नाही. आज आम्ही ज्या विषयावर लेखणी उचलली आहे, तो दिसायला अगदी क्षुल्लक आहे. तो विषय म्हणजे ओहोळावरची मोरी.

तलासरी आणि डहाणू तालुक्यांत डोंगरउतारावरून शेकडो ओहोळ खाली येतात आणि शेवटी कोणत्या ना कोणत्या खाडीला मिळतात. त्यांतले अनेक मध्यंतरी गाळाने भरले, काठाची झाडे गेली, आणि माघ संपण्याआधीच ते कोरडे पडू लागले. मग लोकांना जाग आली. कुठे श्रमदानाने गाळ निघाला, कुठे वाळूच्या पोत्यांचे वनराई बंधारे पडले, तर कुठे डिसेंबर २०१४ मध्ये शासनाने सुरू केलेल्या जलयुक्त शिवार अभियानातून नाल्यांची कामे झाली. ही सर्वच कामे निर्दोष होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण जेथे ती मनापासून झाली, तेथे पाणी थांबले, विहिरींना आधार मिळाला आणि ओहोळ पुन्हा ओहोळ झाला. अशा जिवंत झालेल्या ओहोळावरून जेव्हा रस्ता जायचा असतो, तेव्हा त्या पाण्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला असतो? आमचा सवाल एवढाच आहे.

आपल्या देशात पर्यावरणाचे कायदे कमी नाहीत. त्यांतून हा ओहोळ कसा निसटतो, ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आणि काही राज्य महामार्गांसाठी. गावरस्ता त्यात येत नाही. २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना खाडीला संरक्षण देते खरी, पण ते भरतीच्या पाण्याचा प्रभाव असेल तेथपर्यंतच. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात दर हजार भाग पाण्यात क्षाराचे पाच भाग जेथवर आढळतात, तेथे त्या कायद्याची हद्द संपते. त्याच्या वर गोडे पाणी आहे आणि तेथे त्याला रखवालदार नाही. वनकायदा जमीन वनाची असेल तरच आड येतो. राहिले २०१७ चे पाणथळ जागांचे नियम. पण पाणथळ जागेची व्याख्या करतानाच त्यांनी नद्यांचे प्रवाहमार्ग वगळून टाकले आहेत! म्हणजे वाहणे हाच त्या बिचाऱ्या ओहोळाचा अपराध ठरला.

डहाणूला तर स्वतंत्र कवच आहे. केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. त्या प्राधिकरणाने मोठमोठ्या उद्योगांना जाब विचारला, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु त्याचा रोख कारखाने, वीज प्रकल्प आणि बंदर यांवर राहिला. एखाद्या पाड्याच्या वाटेवरील सिमेंटच्या नळाकडे पाहण्यासाठी ते जन्माला आलेच नव्हते.

कोणी म्हणेल, एका नळाने असे काय होणार आहे? होते ते असे. पावसाळ्यात वीस-पंचवीस फूट पात्र व्यापून वाहणारा ओहोळ रस्त्याखालून न्यायचा असतो. भक्कम स्लॅबचा साकव बांधला तर खर्च अधिक, म्हणून तीन-चार फूट व्यासाचे दोन नळ टाकून त्यावर मुरुमाचा भराव घालतात. पूर आला की सगळे पाणी त्या दोन तोंडांत घुसू पाहते. वरच्या बाजूला पाणी तुंबते, गाळ बसतो, भातखाचरे बुडतात. खालच्या बाजूला पाणी जोराने बाहेर पडते आणि तळ खरवडून काढते. चार पावसाळ्यांत नळाचे तोंड पात्रापासून हातभर उंच लटकू लागते. मग पहिल्या पावसात जी वलगण चढते, म्हणजे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जाणारे मासे, ती त्या पायरीशी येऊन अडते. आपल्या आज्या वलगणीच्या माशांच्या गोष्टी सांगत असत. त्या गोष्टी जुन्या होण्याचे एक कारण असे रस्त्याखाली दडलेले आहे. वर्षानुवर्षे खपून एका हाताने जिवंत केलेला प्रवाह दुसरा हात आठवड्याभरात मारतो, आणि दोन्ही हात सरकारी तिजोरीतूनच पैसे घेतात.

ही केवळ आपल्या आडगावची व्यथा आहे असेही नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सामन मासा समुद्रातून ओढ्यांत चढतो. तेथील आदिवासी जमातींनी १८५४-५५ च्या तहांत आपली जमीन सोडली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने रस्ते बांधले आणि शेकडो मोऱ्यांनी माशांची वाट बंद केली. जमाती न्यायालयात गेल्या. मासे पकडण्याचा हक्क द्यायचा आणि मासा येण्याची वाटच बुजवायची, हा हक्काचा भंग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश दिला. जून २०१८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली आणि तो आदेश कायम राहिला. एका श्रीमंत राज्याला आता त्या मोऱ्या उखडून रुंद पूल बांधावे लागत आहेत. सुरुवातीला वाचवलेला पैसा नंतर अनेक पटींनी कसा मोजावा लागतो, याचा हा धडा आहे.

आपल्याकडे तसा तह नाही. पण त्याहून जवळचा आधार आहे, आणि त्याची आठवण कोणी काढत नाही. ज्या डिसेंबर १९९६ मध्ये डहाणूचे प्राधिकरण जन्मले, त्याच महिन्यात संसदेचा पेसा कायदा अमलात आला. तलासरी आणि डहाणू हे अनुसूचित क्षेत्र आहे. या क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपवावे, असे तो कायदा सांगतो. गावाच्या विकासाच्या योजना पंचायतीने हाती घेण्यापूर्वी ग्रामसभेची मंजुरी घ्यावी, असेही तो सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. मग ज्या पाण्याचे नियोजन लोकांकडे सोपवले, त्या पाण्यावर मोरी बांधताना लोकांना विचारावे लागते, हे सांगायला वेगळा कायदा कशाला हवा? अनुसूचित क्षेत्रातील ओहोळावर कोणतेही पक्के बांधकाम करण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव घेतला जावा आणि तो कामाच्या अंदाजपत्रकाला जोडल्याशिवाय निविदा निघू नये, अशी आमची मागणी आहे.

यावर तीन आक्षेप येतील, हे आम्ही जाणून आहोत. पहिला असा की, आम्ही रस्त्याच्या विरोधात आहोत. मुळीच नाही. पावसाळ्यात बाळंतीण झोळीत घालून न्यावी लागते त्या पाड्याला रस्ता हवा, आश्रमशाळेतील मुलांना साकव हवा, झाईच्या कोळणीला मासळी वेळेत बाजारात पोहोचवायला वाहन हवे. आमचे म्हणणे उलट आहे. दोन पावसाळ्यांत भराव वाहून जाणारी मोरी त्या बाळंतिणीला ऐन पुराच्या रात्रीच दगा देते. ओहोळाला पुरेशी वाट देणारा पूलच रस्त्याला टिकवतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पात्राएवढ्या रुंदीचा साकव नळांपेक्षा महाग पडतो, हे खरे. परंतु हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. दरवर्षीचा भराव, बुडालेली खाचरे, आटलेल्या विहिरी आणि ओहोळ जिवंत करण्यासाठी आधीच खर्ची पडलेली रक्कम ही सर्व त्याच कागदावर लिहावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पूल, भराव व भिंतींनी आवळलेल्या मिठी नदीने मुंबईला किती किंमत मोजायला लावली, ते सर्वांना स्मरते. जुलै २०१८ मध्ये आपली वसई कित्येक दिवस पाण्यात होती, तेव्हा घराघरांत एकच प्रश्न होता: पाण्याच्या वाटा गेल्या कुठे?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवानग्यांनी कामे अडतात आणि शेवटी काही साधत नाही, असे अनेक सज्जनही म्हणतात. त्यांना आम्ही दोन उदाहरणे देतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनांना कडक संरक्षण दिले, म्हणून बुलेट ट्रेनसाठी कांदळवन तोडण्यापूर्वी न्यायालयाची अनुमती मागावी लागली. आधी सुमारे ५३ हजार झाडे तोडायची होती. आराखडा बदलल्यावर तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अनुमती मिळाली. ती द्यावी की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण जाब देण्याची वेळ आली की आराखडा बदलता येतो, एवढे तर सिद्ध झाले. दुसरे उदाहरण डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचे. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि ती सुरू झाली २००७ मध्ये. अट कागदावर लिहिणे हा अर्धा प्रवास असतो. उरलेला अर्धा प्रवास, पाठपुरावा करणारी माणसे असतील तरच पुरा होतो.

आणि आता घाई अधिक आहे. वाढवण बंदराला प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदरापासून द्रुतगती मार्गापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा जोडरस्ता ठरला आहे. बंदराविषयीची चर्चा सुरू राहील. पण तो रस्ता आणि त्याच्या आजूबाजूला फुटणारे लहान रस्ते किती ओहोळ ओलांडतील, याची मोजदाद त्या-त्या गावाने आजच करून ठेवायला हवी.

ग्रामसभेत काय विचारायचे, हेही सांगून ठेवतो. मोरीची रुंदी पुराच्या वेळच्या पात्राएवढी आहे का? तिचा तळ ओहोळाच्या तळाशी समपातळीत आहे का, की मासा आणि बेडूक पायरीशी अडणार? बांधकामासाठी घातलेला मुरुमाचा तात्पुरता बांध पावसापूर्वी कोण काढणार? आणि दरवर्षी मृगाआधी मोरीचे तोंड साफ करण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिली आहे? हे विचारायला अभियंत्याची पदवी लागत नाही. काठावर आयुष्य काढलेल्या वारली म्हाताऱ्याला पुराची खूण कोणत्या झाडाच्या बुंध्यावर आहे, ते ठाऊक असते. त्याची साक्ष अंदाजपत्रकात आली पाहिजे.

शेवटचा शब्द आपल्याच घराला उद्देशून. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे आपण रस्त्यावर उतरलो होतो. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले; त्यांना आपण श्रद्धांजल्या वाहिल्या. योजना आखून झाल्यावर पर्यावरणाचा विचार करणे हा उलटा क्रम आहे, हे दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रानेही आपल्याला बजावले आहे. मग आधी स्वतःला विचारू या. आपल्या चर्चच्या, शाळेच्या, वाडीच्या वाटेखालून जो ओहोळ जातो, त्याला आपण किती इंचाचा नळ दिला आहे? तो नळ शेवटचा साफ केव्हा केला होता? आपल्या दारातली वाट मोकळी केल्यावरच झाईच्या खाडीसाठी बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळेल. पुढचा मृग लागण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील मोऱ्या एकदा पायी फिरून पाहाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.